मागे बसलेल्याचं वल्हं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सबबी चांगल्या मिळत गेल्या. आधी नोकरी होती, मग निवृत्ती आली, मग मोतीबिंदू. मस्कतच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाई दर वर्षी ओमानच्या आठवणी मागायच्या आणि मी दर वर्षी सूर बंदरातल्या गलबतांवर काहीतरी लिहून द्यायचो. गलबतांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं आणि मीही त्यांचं केलं नव्हतं, त्यामुळे ते लिहिणं सोपं होतं. यंदा शिमग्यानंतर सदानंदच्या मुलीचा कोकणातून फोन आला. "काका, बाबा गेले." त्या फोनने सबबी संपवल्या.

आम्ही दोघं, मी आणि सुनंदा, सध्या मस्कतमध्ये, बौशरला मुलाकडे आहोत. एरवी आम्ही पुण्याहून थंडीत येतो. यंदा सुनेच्या गुडघ्याचं दुखणं निघालं म्हणून जूनमध्ये आलो, आणि कितीतरी वर्षांनी मस्कतचा उन्हाळा पुन्हा अंगावर घेतला. शाळा सुटल्यात, इमारत अर्धी रिकामी झाली आहे, खाली गाड्यांवर खाकी कापडं चढली आहेत. सकाळी थंड पाण्याचा नळ सोडला की हात भाजतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा टाकावा इतकं तापलेलं असतं. जुन्या माणसांची इथली युक्ती अशी, की उन्हाळ्यात गीझर बंद करून टाकायचा आणि त्यात साठलेलं, घराच्या सावलीत निवलेलं पाणी थंड म्हणून वापरायचं. म्हणजे गरमच्या नळाला थंड आणि थंडच्या नळाला गरम. नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. मला या उलट्या व्यवहाराची सवय होती, तरी परवा चुकून थंडच्या नळाखाली हात धरला, चटका बसला, आणि त्या चटक्याबरोबर ते तळं आठवलं. तिथेही पाण्यात हात घातल्यावर पहिल्या क्षणी भाजल्यासारखंच वाटलं होतं. अतिथंड पाणी आणि अतिगरम पाणी यांची सुरुवात सारखीच असते.

ते तळं ऑस्ट्रियात होतं. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, दर उन्हाळ्यात कुटुंबकबिला घेऊन तिकडे जायचे. आखातातली बरीच घरं जातात. त्या गावात उन्हाळ्यात अरबी पाट्या लागतात. मी त्यांच्या ऑफिसचा व्यवस्थापक, त्यामुळे बुकिंगं, तिकिटं, कुरबुरी माझ्याकडे. त्या वर्षी अर्बाबच्या म्हाताऱ्या आईची तब्येत नाजूक होती आणि तिला सुनंदाच्या हातची मुगाची खिचडी तेवढी पचत होती, म्हणून आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. आणि गाडी चालवायला सदानंद. अर्बाबच्या घरचा ड्रायव्हर, मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. अर्बाबची आई दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नसे.

सदाला गावाकडे बायको आणि दोन मुली होत्या. पण मस्कतमध्ये तो 'बॅचलर'. आखातात या शब्दाचा लग्नाशी संबंध नाही. ज्याचं बिऱ्हाड इथे आहे तो फॅमिली, ज्याचं गावाला आहे तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात. बॅचलरला फॅमिलीच्या इमारतीत खोली मिळत नाही. जिन्यात दिसला की दारं जरा लवकर लागतात. मी स्वतः पहिली तीन वर्षं बॅचलर होतो आणि या गोष्टीचा मला संताप यायचा. सुनंदा आली, वादी कबीरमध्ये शाळेजवळ फ्लॅट मिळाला, आणि मी तो संताप विसरलो. नुसता विसरलो नाही, बाजू बदलून घेतली.

सदा दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. येताना सुरमई साफ करूनच आणायचा. मुलगा तेव्हा पुण्यात कॉलेजला होता, घरात आम्ही दोघंच. सदा मला 'दादा' म्हणायचा, सुनंदाला 'वयनी'. जेवून गॅलरीत बसायचा, समोरच्या वर्कशॉपांकडे बघत, आणि आमच्या भाषेला हसायचा. "दादा, तुमी पुण्यातली माणसां पाण्याक पण 'कृपया' म्हणश्यात."

आता संशयाचं सांगतो. तो खोटा होता, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला कोड्यात ठेवण्याचा हक्क मला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधीपासून सुनंदा मंगळवारी सकाळी घरी नसायची. फोन केला तर "बाजारात आहे," म्हणायची, पण मागे बाजाराचा आवाज नसायचा. एकदा तिच्या ओढणीच्या टोकाला पिवळा ऑइलपेंट लागलेला दिसला. विचारलं तर म्हणाली, "जिन्याचा कठडा रंगवतायत ना." मी जिन्यात जाऊन कठडा पाहिला. तो हिरवा होता आणि जुना होता. एका शुक्रवारी मी हात धुवून बाहेर आलो तर सदा आणि ती टेबलाशी हलक्या आवाजात बोलत होते. सदा दोन वाट्या उपड्या घालून त्यांच्यामधून चमचा मागे मागे ओढत होता. मला पाहून चमचा थांबला. सुनंदा म्हणाली, "भात वाढू?"

एवढंच. आज लिहिताना एवढंच वाटतं. तेव्हा मला झोप येत नव्हती.

तळं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. तीन बाजूंनी डोंगर, त्यांच्या माथ्यावर भर उन्हाळ्यात बर्फ, आणि खाली लांबच लांब पाणी. एका टोकावरून दुसरं टोक धुरकट दिसायचं. मध्यभागी गर्द निळं, काठाशी हिरवट आणि वरच्या टोकाला, जिथे हिमनदीचा ओढा येऊन मिळतो तिथे, ताकाच्या निवळीसारखं पिठूळ. होड्या भाड्याने देणारा माणूस समजावून सांगत होता, की हिमनदी पुढे सरकताना खालचा दगड दळते, ते पीठ पाण्यात मिसळतं. हे अख्खं तळंही कधीकाळी हिमनदीनेच कोरून काढलेलं. सदा ऐकून म्हणाला, "म्हणजे ह्यो जात्याचो गाव." मी मात्र विचार करत होतो, की ज्या पाण्याचा तळ दिसत नाही ते इतकं सुंदर कशासाठी असतं.

अर्बाबची नातवंडं पायडलच्या बोटींत रमली. दुपारी म्हातारी झोपली की आम्हा तिघांना दोनेक तास मोकळे मिळायचे. आम्ही कनू घ्यायचो, दोन्ही टोकांना निमुळती अशी उघडी, लांबट होडी. तिचा नियम साधा. पुढचा फक्त वल्हवतो, मागचा वल्हवतोही आणि दिशाही देतो. मागचा पुढच्याला पाहू शकतो. पुढच्याला मागचं काही दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी पुढे बसलो, सुनंदा मध्ये, सदा मागे. काठ सोडून थोडं गेलो आणि आवाज थांबले. वल्ह्यावरून ओघळणारे थेंब तेवढे ऐकू यायचे. देवदारांचा वास, ओल्या लाकडाचा वास. चेहऱ्यावर ऊन आणि घोट्यांना गारठा. सुनंदाने पाण्यात हात घातला आणि "अगं आई गं" करून बाहेर काढला. सदा म्हणाला, "वयनी, ह्या पाण्याक मीठ नाय. आमच्या खाडीत माणूस पडलो तर पाणी तेका उचलून धरता. ह्यां पाणी नाय धरूचा."

"मग जॅकेट नीट बांधा सदाभाऊ," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला न्यायला मी परत येणार नाही."

"येश्यात. रिव्हर्समध्ये येश्यात."

दोघं हसली. काय विनोद झाला ते मला कळलं नाही. मी मागे वळलो, होडी डचमळली. सदा ओरडला, "दादा, हलू नकात. फुडे बघा!"

मी पुढे बघत राहिलो. माझ्या पाठीमागे सुनंदा कशी बसली आहे, सदाची नजर कुठे आहे, तो वल्हं तरी मारतोय का, काही दिसत नव्हतं. होडी सरळ जात होती, म्हणजे मारत असणार. पण संशयी माणसाला सरळ जाणाऱ्या होडीचीही शंका येते. मी हात थांबवून पाहिलं. होडी तशीच पुढे सरकत राहिली.

त्या दोन आठवड्यांत आम्ही ते तळं काठाकाठाने जवळजवळ सगळं पाहिलं. एका ठिकाणी डोंगर सरळ पाण्यात उतरला होता, रस्ता नाही की पायवाट नाही, तिथे होडीशिवाय न दिसणारा एक बारीक धबधबा होता. सदाने त्याखाली बाटली धरली आणि आम्ही ते पाणी प्यायलो. दात शिरशिरले. एका खाचेत बुडालेली झाडं होती, आडवी, पानं नसलेली, त्यांच्या फांद्या पाण्याखाली स्पष्ट दिसायच्या आणि त्यांतून मासे ये-जा करायचे. एका दुपारी धुकं उतरलं आणि काठच नाहीसा झाला. सदाने वल्हवणं थांबवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि चर्चच्या घंटेच्या दिशेने होडी वळवली. हे सगळं मला आज आनंद म्हणून आठवायला हवं. मला आठवते ती माझी मान, सारखी मागे वळू पाहणारी.

मग ती ओढ्याच्या मुखाची दुपार. जागा बदलायची कल्पना सुनंदाची. ती मागे बसली, सदा पुढे, मी मध्ये कॅमेरा घेऊन. पिठूळ पाण्यातून आम्ही ओढ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना लव्हाळी, पात्र अरुंद होत गेलं आणि एका वळणावर वाहून आलेल्या ओंडक्यांनी वाट बंद केली होती. होडी वळवायला जागा नाही. मला भीती वाटली. सदा मात्र खुशीत येऊन म्हणाला, "वयनी, ड्रम!"

सुनंदा खळखळून हसली.

"मान मागे वळवा. आरशार भरवसो ठेवू नकात."

"नाही ठेवत. उजवा ड्रम दिसला."

"सावकाश. थय पोलीस बसलो हा असा समजा."

होडीला आरसा नव्हता, तिथे पोलीस नव्हता, ड्रम तर नव्हताच. दोन ओंडके होते, आणि त्यांच्यामधून माझी बायको, जिला सायकलही येत नाही असं मी चारचौघांत सांगत आलो होतो, ती अख्खी होडी मागच्या मागे, एकाही ओंडक्याला न लावता बाहेर काढत होती. मोकळ्या पाण्यात आल्यावर सदाने वल्हं आडवं धरून सलाम ठोकला. तिचा चेहरा उजळून निघाला होता. तो चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याचं कारण मी नव्हतो. दोघांत एक भाषा आहे आणि ती मला येत नाही, एवढंच मला त्या वेळी कळलं. पुरे होतं.

संध्याकाळी अर्बाब हॉटेलच्या गच्चीवर कहवा पीत बसले होते. समोर खजुराची बशी, खाली तळं काळसर होत चाललेलं. त्यांना हिंदी चांगलं यायचं. मी म्हणालो, "अर्बाब, घर में औरतें हैं. ड्रायवर पे थोडी नजर रखिए."

त्यांनी कप खाली ठेवला. "क्यूं? कुछ देखा?"

मी मान खाली घातली. आखातात एखाद्या बॅचलर ड्रायव्हरबद्दल असा प्रश्न आला आणि त्याच्याच देशातल्या माणसाने मान खाली घातली, की पुढचं उत्तर समोरचा स्वतः देतो. अर्बाब म्हणाले, "खलास. समझ गया." परत कधी विषय काढला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी एक अक्षरही खोटं बोललो नाही. घरात बायका होत्या, हे खरं होतं. नजर ठेवा म्हणालो, त्यात आरोप नव्हता. हिशेबात पकडता येणार नाही असं वाक्य तयार करणं हे माझं ऑफिसातलं कामच होतं. ती सफाई मी त्या माणसावर वापरली ज्याने धुक्यातून आम्हाला काठाला लावलं होतं.

मस्कतला परतल्यावर सदाला लगेच दोन महिन्यांची सुट्टी मिळाली. तो भलताच खूश. विमानतळावर मीच सोडायला गेलो. "अर्बाब देवमाणूस," म्हणाला. "न मागता सुट्टी दिल्यान."

तो गेल्याच्या पुढच्या आठवड्यात सुनंदाने जेवताना सगळं सांगितलं. तिला माझ्या वाढदिवसाला चकित करायचं होतं, पण आता राहवेना. ती गाडी शिकत होती. मंगळवारी सकाळी मास्तरीणबाई यायची, आणि त्याआधी सदा तिला अर्बाबच्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात जुन्या पिकअपवर सराव करून घ्यायचा, रंगाचे रिकामे ड्रम मांडून. ओमानमध्ये लायसन काढायचं तर पहिली परीक्षा ड्रमांचीच, पोलिसासमोर. त्यांच्यामधून गाडी उलटी घालायची, एकालाही धक्का लागता कामा नये. भले भले तिथे सात-सात वेळा नापास होतात. सुनंदा दुसऱ्या खेपेला पास झाली होती. चढावाचीही झाली होती. रस्त्यावरची तेवढी उरली होती. पिकअप अर्बाबची, म्हणून गुपित. आणि मला का सांगितलं नाही, तर मागच्या गणपतीत तिने गाडी शिकायचं नाव काढलं तेव्हा मी पाहुण्यांसमोर हसलो होतो.

"सदाभाऊ आले की रस्त्याचा सराव करीन," ती म्हणाली. "ते नसले की माझा धीर होत नाही."

मी आमटीचा भुरका घेतला. त्या क्षणी अर्बाबकडे जाता आलं असतं. सदाचा व्हिसा तेव्हा जिवंत होता. पण गेलो असतो तर अर्बाबने विचारलं असतं, मग त्या दिवशी मान खाली का घातलीस? बायकोवर संशय घेणारा माणूस, आणि तोही चुकीचा, हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. संशय चूक म्हणून माफ होईल. त्यानंतरचं माझं गप्प बसणं चूक नव्हतं, ते मी शुद्धीवर असताना केलं.

सुट्टी संपत आली तशी सदाचे फोन सुरू झाले. "दादा, तिकीट येवक नाय." मग, "दादा, व्हिसा कॅन्सल झालो म्हणतत. अर्बाबाक जरा इचारा मा. माझां काय चुकलां?"

"बघतो," मी म्हणायचो. "होईल. इन्शाल्ला."

इन्शाल्ला हा मोठा शब्द आहे, देवाच्या इच्छेवर सोपवणारा. मी तो दर खेपेला माझ्या इच्छेवर पांघरूण घालायला वापरला. पुढे फोन थांबले. सुनंदाने रस्त्याची परीक्षा दिली नाही. "आता कशाला," म्हणाली. अर्बाबने माणसं कमी केली, असं मी तिला सांगितलं होतं.

परवा सून गुडघ्याला पट्टा बांधून आम्हाला मॉलमध्ये घेऊन गेली. पार्किंगमध्ये जागा अडचणीची होती. मागच्या सीटवरून सुनंदा म्हणाली, "मान मागे वळव. आरशावर भरवसा ठेवू नकोस." सुनेने गाडी नीट लावली आणि हसून म्हणाली, "आई, तुम्ही कुठे शिकलात हे?" सुनंदाने सीटबेल्ट काढला. मग म्हणाली, "विचार यांना." आणि माझ्याकडे न बघता खाली उतरली.

मला संशय आहे की तिला माहीत आहे. किती दिवसांपासून, ते विचारायची हिंमत नाही. हा लेख छापून आला की तीच आधी वाचेल, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून. संपादकबाईंना मी सांगून ठेवलं आहे, की यंदा गलबतं नाहीत.

निवृत्तीनंतर एकदा, एकटाच, मी सदाच्या गावी गेलो होतो. सुनंदाला परगावी काम आहे असं सांगून. त्याने मस्कतनंतर पर्यटकांसाठी होडी घेतली होती, केस पांढरे झाले होते. मला बघून धावत आला, बायकोला हाक मारली, "गे, दादा इले!" सोलकढी झाली, मासे झाले. कुठेही ओरखडा नाही. मला त्याचाही संशय आला. हा मुद्दाम इतका चांगला वागतोय का?

संध्याकाळी म्हणाला, "चला, तुमका खाडी दाखवतंय. तुमच्या त्या पिठाच्या पाण्याची सर नाय, पण चला."

मी पुढे बसलो, तो मागे. पाणी कोमट, खारट, उचलून धरणारं. खारफुटीत बगळे परतत होते. वाक्यं मी बसमध्ये पाठ करून आलो होतो. सदा, त्या दिवशी अर्बाबला मी सांगितलं. तुझं काही चुकलं नव्हतं. मला क्षमा कर. तीनच वाक्यं, आणि होडीत आम्ही दोघंच.

मागून त्याचा आवाज आला. "दादा, वयनीन लायसन काढल्यान मा?"

मी मान हलवली. नाही.

वल्हं थांबलं. थेंब पडल्याचे आवाज ऐकू आले.

"अरे," तो म्हणाला. "एकच टेस्ट रवलेली."

मी वळलो. तोंड उघडलं होतं, पहिला शब्द ओठांवर आला होता, "सदा", आणि होडी एका अंगाला कलली.

"हलू नकात, दादा," तो हलकेच म्हणाला. "फुडे बघा."

मी पुढे बघितलं.